एकेचाळीस धारांची झारी

मित्रांनो, मला झारी म्हणतात खरं, पण जन्मानं मी तेलाचा डबा. हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी टोमणा मारायला नको.

माझ्या पोटात करडईचं तेल होतं. उदगीरच्या मोंढ्यातून, म्हणजे बाजारातून, गुरुलिंगअप्पांनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधून शेतावरच्या घरी आणलं. तेल संपलं. शिवकांतानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला राखेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि तुरीची डाळ भरून फडताळात ठेवलं. डब्यांचा जन्म असाच जातो. माझाही तसाच गेला असता. पण त्या वर्षी पंधरा ऑगस्टला लातूर वेगळा जिल्हा झाला आणि माझं नशीब पालटलं. तुम्ही म्हणाल, जिल्हा झाला त्याचा डाळीच्या डब्याशी काय संबंध? आहे. ऐका तर.

अप्पा उदगीरला एका सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी सायकलवर जायचे, संध्याकाळी दिवेलागणीला घरी. नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, माणसं कमी पडू लागली, आणि अप्पांची बदली लातूरला झाली. गावानं पेढे खाल्ले. अप्पांची आई गंगम्मा मात्र पेढा हातात धरून बसली. ‘‘माझ्या मालकाची समाधी हितं हाय. मी लातूरला येत न्हाई,’’ ती म्हणाली. या घरात माणूस गेलं की आपल्याच शेतात पुरून समाधी बांधतात. अप्पांच्या वडिलांची समाधी घरापासून वीस पावलांवर होती आणि तिच्यावर रोज पाणी-विभूती झाल्याशिवाय म्हातारी घास तोंडात घालत नसे. म्हणजे गंगम्मा हलणार नाही. गंगम्मा हलणार नाही म्हणून शिवकांताही हलणार नाही. अप्पांनी लातुरात एक खोली घेतली, बत्तीचा स्टोव्ह घेतला आणि एकटे राहू लागले. इकडं शेतात दोन बायका उरल्या. घरात लेकरू नव्हतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

शनिवारी संध्याकाळी पाचला फाट्यावर एसटी थांबायची. अप्पा उतरायचे, बांधाबांधानं घरी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. पावसाळ्यात पेरणी-खुरपणी असते, हिवाळ्यात ज्वारी. पण राशी झाल्या, फाल्गुन लागला, रान मोकळं झालं की रविवारी अप्पांना करमायचं नाही. ‘‘आठवडाभर कागद उलटेपालटे करून हात आंबून गेलेत बघ,’’ ते म्हणायचे. आणि मग काहीतरी करायला घ्यायचे.

पहिल्या फाल्गुनातल्या एका रविवारी त्यांनी मला फडताळातून खाली घेतलं आणि सगळी डाळ चादरीवर ओतली.

‘‘अवो, डाळीचा डबा कशाला काढलाव?’’ शिवकांता चुलीपासून ओरडली.

‘‘गप बघ तर खरं.’’

त्यांनी पत्रा कापायच्या कात्रीनं मला मधोमध कापलं. दुखलं का? दुखलं. खोटं कशाला बोलू. वरच्या पत्र्याची त्यांनी गुंडाळून नळी केली, शेगडीवर कथील वितळवून ती माझ्या पोटाला चिकटवली, पाठीला मूठ लावली. आता उरलं तोंड. अप्पांनी नव्या कचेरीसाठी नवे बूट घेतले होते आणि त्या बुटांसाठी पॉलिशची डबी. त्या डबीचं झाकण त्यांनी घेतलं आणि खिळ्यानं एकेक भोक पाडू लागले. शिवकांता हातातलं पीठ तसंच ठेवून मोजायला येऊन बसली. ‘‘अडतीस, एकुणचाळीस, चाळीस... आता पुरे,’’ ती म्हणाली. ‘‘अजून एक,’’ म्हणून अप्पांनी खिळा लावला, हातोडी उचलली आणि नेमकं तेव्हाच वर तिच्याकडं बघितलं. खिळा तिरका गेला.

तेव्हापासून माझ्या चाळीस धारा सरळ पडतात आणि एकेचाळिसावी डावीकडं उडते. जो मला धरेल त्याचा डावा पाय भिजतो. अप्पांनी ते भोक बुजवायला घेतलं, तर शिवकांता म्हणाली, ‘‘राहू द्या. मला आवडलं.’’ म्हणून मी आजवर वाकडी ती वाकडीच.

काय सांगू मित्रांनो, पुढची तीन वर्षं माझी मिरवायची वर्षं होती! घराच्या मागं, विहिरीच्या अंगाला अप्पांनी वाफे केले. वांगी, भेंडी, गवती चहा, दोडक्याला बांबूची ताटी, आणि कडेनं मोगऱ्याची सात रोपं. मोडक्या बैलगाडीच्या चाकाचे आरे जोडून त्यांनी बसायला बाकडं केलं. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली चपटा दगड. फुटक्या मडक्याचा खालचा भाग शिंकाळ्यात टांगून चिमण्यांना पाणी ठेवलं. आणि वडिलांच्या समाधीच्या डोक्याशी बेलाचं रोप लावलं, गंगम्माला पूजेसाठी गावात बेल मागत फिरायला लागू नये म्हणून. बेलाची उंची मोजायला माप मी. मला शेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘एक झारी झाला.’’ पुढच्या चैत्रात, ‘‘दीड झारी झाला.’’

येणारा-जाणारा विचारायचा, ‘‘कुठून आणलाव ही झारी?’’ आणि अप्पा छाती काढून सांगायचे, ‘‘आणतोय कुठला, घरी केली!’’ मला तर अगदी फुगून जायला व्हायचं. गंगम्मा मात्र लांबून ओरडायची, ‘‘साकु, साकु!’’ कानडीत साकु म्हणजे पुरे. म्हातारीला पाणी उधळलेलं कधीच बघवायचं नाही. शिवकांता रविवारी कळ्या खुडायची, सोमवारी पहाटे ओल्या फडक्यात बांधून द्यायची. ‘‘गुरुवारपर्यंत खोलीला वास राहतो,’’ अप्पा सांगायचे.

पण सोमवार ते शनिवार दुपार? ते दिवस मोठे लांब असतात हो. गंगम्मा बोलायची ती देवाशी नाहीतर कोंबड्यांशी. शिवकांता दिवसभर कामाला लागलेली असायची आणि संध्याकाळी मला उचलून वाफ्यांवर यायची. तेव्हा ती माझ्याशी बोलायची. ‘‘आज मंगळवारच हाय, बघ,’’ एवढंच कधीकधी. मी तिचा डावा पाय भिजवायची. दुसरं काय करणार होते मी?

चौथ्या वर्षी पाऊस आला तसा गेला. त्याच्या आदलं वर्षही बेताचंच होतं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. संक्रांतीला विहिरीचा तळ दिसला, आणि थोड्याच दिवसांत तळावर भेगा दिसल्या. गावातल्या विहिरी, हातपंप, सगळे एका पाठोपाठ बसले. दीड कोसावर नदीच्या पात्रात बायकांनी झिरा खणला. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. त्यात पाणी पाझरत येतं, ते वाटी-वाटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला अर्धा तास. त्या झिऱ्यावर कुणी कुणाची जात विचारत नव्हतं. विचारायला घशात ओल लागते.

शिवकांता शेजारच्या शेतातल्या सरजाबाईबरोबर पहाटे निघायची. सरजाबाई तोंडाची फटकळ, पण मनाची लई चांगली. तिच्या घरात चौदा एप्रिलच्या जयंतीला खीर झाली की पहिली वाटी गंगम्माकडं यायची. दोघी डोक्यावर एक, कमरेवर एक अशा घागरी घेऊन ऊन चढायच्या आत परत यायच्या. रांजणात सहा घागरी मावतात. म्हणजे रांजण भरायला तीन खेपा.

आता मी तुम्हाला शिवकांताची चूक सांगते. रागावू नका तिच्यावर.

अप्पा शनिवारी आले की पहिल्यांदा मागच्या दारी जायचे आणि बाग बघायचे. पाणी प्यायच्या आधी! मोगऱ्याला हात लावायचे, दोडक्याची वेल ताटीवर चढवायचे, आणि मगच त्यांचा चेहरा खुलायचा. शिवकांतानं ते पुरतं बघून ठेवलं होतं. तिच्या मनानं घेतलं की हा माणूस येतो तो बागेसाठी येतो. बाग वाळली की यायचं कमी होईल. मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीला. म्हणून तिनं बाग वाळू दिली नाही. भांडी घासलेलं पाणी फडक्यातून गाळून ती माझ्यात भरायची. वाफ्याच्या कडेला दगड टाकून त्यावर अंघोळ करायची, तीही तांब्याभर पाण्यात. आणि शुक्रवारी झिऱ्याची एक खेप जास्त, फक्त मोगऱ्यासाठी.

‘‘शिवकांताबाई, प्यायला पाणी न्हाई आन् फुलांचे हे लाड कामून?’’ सरजाबाईनं एकदा विचारलं.

‘‘ते येतेत ना,’’ शिवकांता म्हणाली.

अप्पा विचारायचे, ‘‘हिरीला पाणी हाय का?’’ ती म्हणायची, ‘‘हाय, पुरतंय.’’ घर फाट्याच्या आणि गावाच्या मध्ये, त्यामुळं अप्पांना गावात जायचं काम पडत नसे. शनिवारी संध्याकाळी यायचे तेव्हा रांजण काठोकाठ भरलेला, बाग हिरवी. रविवारी पहाटे ते उठायच्या आत शिवकांता झिऱ्यावरून परत आलेली असायची. बायको म्हणते पाणी आहे, डोळ्यांना दिसतं पाणी आहे, तर विहिरीत कोण डोकावतो?

आणि गंमत बघा, मित्रांनो. गंमत कसली, दैवाची थट्टाच. त्या हिवाळ्यापासून अप्पांच्या टेबलावर टंचाईचंच काम आलं होतं. कोणत्या गावाला टँकर द्यायचा, किती खेपा, हे सगळे कागद त्यांच्या हातून जायचे.

चैत्रातला एक शनिवार होता. कचेरीला अवचित सुट्टी मिळाली, म्हणून अप्पा सकाळच्याच गाडीनं निघाले आणि बाराच्या उन्हात दारात उभे राहिले. शिवकांता आणखी एका खेपेसाठी झिऱ्यावर गेलेली. गंगम्मा आत डोळा लागून पडलेली. अप्पा सवयीनं मागच्या दारी गेले आणि बघतात तर मोगरा मान टाकून उभा. दुपारच्या उन्हात तो रोजच मान टाकायचा, संध्याकाळी सावरायचा. रविवारी शिवकांता त्याला पहाटेच पाणी घालायची, त्यामुळं अप्पांनी तो असा कधी बघितलाच नव्हता.

‘‘अरेरे, हिला एवढ्यात वेळ मिळाला न्हाई वाटतं,’’ असं पुटपुटत त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. रांजणाचं झाकण उचललं. काठोकाठ. तांब्यानं काढून माझ्यात ओतलं आणि निघाले. मोगऱ्याला एक झारी, वांग्याला दोन, दोडक्याला एक. मला कळत होतं हो! माझ्या पोटात कोणतं पाणी आहे ते मला कळत होतं. ते पाणी येताना मी रोज बघत होते, शिवकांताची मान आखडलेली, ओठ फुटलेले. पण झारीला तोंडं असून बोलता येत नाही. मला वाकवलं की माझ्यातून पाणी पडणार. पडलं. अप्पा तर गुणगुणत होते. आठवी झारी त्यांनी गवती चहावर रिती केली आणि रांजणाच्या तळाला तांब्या खडखडला. ‘‘उद्या सकाळी चार घागरी शेंदून टाकतो,’’ ते स्वतःशीच म्हणाले.

त्या आवाजानं गंगम्मा जागी झाली. दाराला धरून बाहेर आली, ओला वाफा बघितला, उघडा रांजण बघितला. ‘‘साकु, गुरुलिंगा... साकु,’’ ती म्हणाली. पण आता पुरे करायला काही उरलंच नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून शिवकांता आणि सरजाबाई आल्या. अप्पा मला हातात घेऊनच सामोरे गेले. अंगभर आनंद. बातमी सांगायची घाई झालेली.

‘‘अगं, परवा काय झालं! आपल्या गावाचा टँकरचा अर्ज आला होता. साहेब मला म्हणाले, गुरुलिंगअप्पा, हे तुमचंच गाव ना, खरी परिस्थिती काय हाय? मी म्हणलो, साहेब, माझ्या परड्यात मोगरा फुललाय, गाव तहानलेलं कसं असंल? साहेब हसले आन् नाव खाली घातलं. दुसऱ्या एका गावाची खरीच निकड होती, त्यांना गेला टँकर.’’

शिवकांता डोक्यावर घागर घेऊन तशीच उभी राहिली.

सरजाबाईनं आपली घागर खाली टेकवली. ‘‘म्हंजी अप्पासाहेब, आमचा टँकर तुमच्या मोगऱ्यानं पिला म्हणा की,’’ ती म्हणाली. ‘‘झिऱ्यावर काल म्हातारी पार्वतीबाई चक्कर येऊन पडली. आमी वाट बघलालोय, आज येईल, उद्या येईल...’’

अप्पा आधी हसले, सरजाबाई थट्टा करते म्हणून. मग त्यांनी बायकोकडं बघितलं.

शिवकांतानं घागर उतरवली. रांजणाकडं गेली, आत बघितलं. झाकण हळूच जागेवर ठेवलं. मी अजून अप्पांच्या हातात होते, तोंडातून शेवटचे थेंब गळत होते. मी अजून फडताळातला डबाच असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

‘‘हिरीला पाणी न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘संक्रांतीपासून न्हाई.’’

‘‘पण तू तर पुरतंय म्हणायलीस!’’

‘‘म्हणले.’’

‘‘कामून? खोटं कामून बोललीस?’’

‘‘बाग वाळली असती तर तुमी आला असताव का?’’

एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि रडली. चार वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. अप्पा मला तिथंच मातीत ठेवून विहिरीकडं चालत गेले. बराच वेळ वाकून आत बघत राहिले. तळाला भेगा होत्या आणि आमचीच एक फुटकी बादली.

रविवारी पहाटे अप्पा दोन घागरी घेऊन झिऱ्यावर गेले. गावातले पुरुष पाण्याला जात नसत. बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या म्हणे. परत आले तेव्हा खांदे सोलवटलेले आणि एक घागर अर्धी सांडलेली. दुपारी त्यांनी एक मडकं घेतलं, त्याच्या बुडाला भोक पाडलं, आपल्या जुन्या धोतराची चिंधी वळून त्या भोकात वात घातली आणि ते मडकं बेलाच्या मुळाशी पुरलं. एकदा भरलं की आठ दिवस थेंब थेंब ओल द्यायचं. माझ्यासारख्या एकेचाळीस धारा उडवत मिरवायचं नाही. मला त्या मडक्याचा हेवा वाटला, कबूल करते.

‘‘बेल तेवढा ठेव. बाकीचं जाऊ दे,’’ ते म्हणाले. मला राखेनं घासून त्यांनी खिळ्यावर टांगलं. सोमवारी पहाटे गेले. जाताना पुढच्या शनिवारचं काही बोलले नाहीत, आणि शिवकांतानं विचारलं नाही.

दहा दिवसांत मोगरा वाळला. दोडक्याची वेल ताटीवर कुरकुरीत झाली. वांगी बकऱ्यांनी खाल्ली. मी खिळ्यावरून सगळं बघत होते. माझ्या नळीत कोळ्यानं घर केलं.

पहिल्या शनिवारी पाचला फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला. कोरड्या हवेत तो घरापर्यंत ऐकू यायचा. शिवकांता दारात येऊन उभी राहिली. कुणी आलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी गावात टँकर आला. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे घागरी-कळशा घेऊन पळाले. सरजाबाई धावत सांगायला आली. ‘‘आला गं बाई, टँकर आला!’’

‘‘हाव,’’ शिवकांता म्हणाली. ‘‘टँकर आला.’’

दुसरा शनिवार गेला. तिसरा गेला. पत्र नाही, निरोप नाही. गंगम्मानं विचारायचंही सोडून दिलं. सरजाबाई एकदा बाकड्यावर बसून म्हणाली, ‘‘माझ्याच जिभेला हाड न्हाई. मी त्या दिवशी गप बसायला पायजे होते.’’

‘‘तू खरंच बोललीस,’’ शिवकांता म्हणाली. ‘‘मीच खोटं बोलले. आता फेडलालेय.’’

ते दिवस फार वाईट होते, मित्रांनो. ती माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. मला वाटायचं, हिला मी दिसले की ती दुपार दिसत असेल. दिवसभर ऊन आणि खिळा. चौथ्या शनिवारी एसटीचा आवाज आला तेव्हा ती दारात आलीच नाही. आत ज्वारी निवडत बसली. त्या दिवशी खरंच वाटलं, संपलं.

पाचव्या शनिवारी पाचची गाडी आली आणि गेली. थोड्या वेळानं बांधावर एक माणूस दिसला. मला ओळखू आला नाही. वाळलेला, काळवंडलेला, गुडघ्यापर्यंत धूळ, आणि ते पॉलिशचे बूट तर पांढरे फटक. अप्पा होते.

शिवकांता उठून दारात आली. ‘‘बघायला काही न्हाई राहिलं,’’ ती म्हणाली. ‘‘समदं वाळलं.’’

अप्पा मागच्या दारी गेले नाहीत. बागेकडं त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. सरळ रांजणाकडं गेले, झाकण उचललं आणि आत डोकावले. पाऊण रांजण भरलेला होता.

‘‘हे कुणी आणलं?’’

‘‘मी. टँकरवरून दोन खेपा, झिऱ्यावरून एक.’’

अप्पा खाली, रांजणाच्या कडेलाच बसले. ‘‘चार शनिवार-रविवार गावोगाव फिरलालो,’’ ते म्हणाले. ‘‘टँकरच्या गाडीतच बसायचो. यादीतल्या एकेका गावात उतरून घराघरात जाऊन रांजणात डोकावून आलो. हे कुणी आणलं, कुठून आणलं, विचारून आलो. कागदावर इस्वासच न्हाई राहिला माझा. सोळा गावं झाली. हा शेवटचा रांजण.’’ मग म्हणाले, ‘‘हितं यायची लई लाज वाटायली होती. म्हणून शेवटी ठेवला.’’

शिवकांतानं तांब्या भरून पुढं केला. त्यांनी अर्धाच घेतला. ‘‘साकु,’’ म्हणाले, अगदी आईसारखं. आणि आतून गंगम्मा हसली. किती महिन्यांनी हसली म्हातारी!

त्यानंतर अप्पा दर शनिवारी आले. बाग नसताना आले. नुसते बाकड्यावर बसायला आले. पुढं कधीतरी विहिरीला पाणी लागलं, मोगरा बुडातून पुन्हा फुटला, मलाही खिळ्यावरून काढलं. पण आल्याआल्या रांजणाचं झाकण उचलायचं आणि ‘‘आज कुणी आणलं?’’ असं विचारायचं, हा त्यांचा नेम झाला. शिवकांता खोटंखोटं रागवायची. ‘‘कोण आणतंय, साऱ्या गावानं आणलं! कोण येतंय तुमच्या घरी पाणी भरायला!’’ मग दोघं हसायचे, आणि मी एकाचा नाहीतर दुसऱ्याचा डावा पाय भिजवायची.

बेल तीन झाऱ्या झाला, पाच झाला, मग मोजायला मी पुरेना. गंगम्मा गेली. अप्पा निवृत्त होऊन घरी आले, आणि दोनच वर्षं राहिले. बेलाच्या सावलीत आता तीन समाध्या आहेत.

मी बुडाला गंजले आहे. भरलं तर बेलापर्यंत जाईस्तोवर अर्धं गळतं. तरी शिवकांता कधीकधी मला उचलते. तिचा पाय अजून भिजतो. दारात आता नळ आला आहे, रांजणाचं काही कामच नाही. पण शनिवार आला की ती रांजण घासते, काठोकाठ भरते, झाकण ठेवते. पाचला फाट्यावर एसटी थांबते, निघून जाते. संध्याकाळ होते. झाकण तसंच राहतं. रविवारी ती ते पाणी मोगऱ्याला घालते.

मित्रांनो, मला जपा, तेल लावा, गंज काढा, असं मी म्हणणार नाही. जुन्या पत्र्याचं काय घेऊन बसलात! फक्त एक करा. हिरवं दिसलं म्हणून पाणी आहे असं धरून चालू नका. तुमच्या घरात जे भरलेलं दिसतं, माठ असो, डबा असो, ताट असो, त्याचं झाकण एकदा उचला आणि विचारा, हे कुणी आणलं? ते माणूस घरात आहे तोवर विचारा. मी दर शनिवारी तिला विचारायचं ठरवते, पण माझी एकेचाळीस तोंडं, त्यांतलं एकही बोलत नाही. तुम्हाला एकच आहे. तेवढं साकु.